एका डोंग्यात दोघं

शेवंताबाईचा नवरा आयुष्यभर तिच्या पुढे चालत आला. पुढे म्हणजे दोन पावलं नव्हे. बाजारात भाजीवाल्याने दोघांना वेगवेगळी गिऱ्हाइकं समजावं, इतका पुढे. घनश्याम मँगनीजच्या खाणीत टाइमकीपर होता. भोंगा व्हायच्या आत फाटकावर पोचायचं ही सवय त्याच्या पायांत अशी मुरली, की नोकरी संपली, डोक्यावरचा शेवटचा केसही गेला, तरी तो देवळात, दवाखान्यात, लग्नात, मयतीत, सगळीकडे भोंगा चुकल्यासारखा निघायचा. त्याच्या मागून शेवंताबाई. हातात पिशवी, काखेत रचना, पुढे रचना मोठी झाल्यावर नुसतीच पिशवी.

त्याच्या पाठीची तिला इतकी ओळख झाली होती, की सदऱ्याची शिवण कुठे उसवायला आली आहे हे ती रस्त्यातच ठरवायची आणि घरी आल्यावर सुई काढायची.

बालाघाटच्या त्यांच्या गल्लीत तिला हट्टी म्हणत. उगाच नाही. बारावीनंतर रचनाला नागपूरला पाठवायला घनश्याम तयार नव्हता. "पोरीले कोन पोचवून देईल, कोन आनंल," असं तो म्हणत राहिला. शेवंताबाईने ट्रंक भरली, पोरीला घेऊन बसमध्ये बसली, वसतिगृहात तिची गादी घालून दिली आणि संध्याकाळच्या गाडीने परत येऊन त्याच्या ताटात भाकर वाढली. वर एवढंच म्हणाली, "पोचवून आली." सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं तिने केलं, तेही तसंच, न बोलता. तिच्या हट्टाला आवाज नसायचा. म्हणून तो वेळेवर कुणाच्या लक्षात येत नसे.

ही रचना आता पुण्याला असते. यंदा दसऱ्याच्या सुमारास ती आणि तिचा नवरा पियुष ग्रीस नावाच्या देशात गेले. तिथून तिने फोनवर फोटो पाठवले. निळंशार पाणी, पाण्यात ठिपके पडावेत तशी बेटं, आणि पांढऱ्या शिडाची एक नाव. त्या नावेत पियुष मांडी घालून टमाटे चिरत होता, आणि रचना पोटावर पुस्तक उपडं टाकून झोपली होती.

शेवंताबाईने तो फोटो बोटांनी मोठा केला. टमाटे मोठे झाले. नंतर व्हिडिओवर पोरीने फोन लावला तेव्हा तिने विचारलं, "तिथं कोन हाय आपलं?"

"कोणी नाही, आई."

"मंग काही नवस होता का?"

"नवस कसला! एक बेट बघायचं, मन भरलं की पुढचं. वारा असला तर शीड लावायचं, नसला तर पडून राहायचं."

"पन काहून?"

रचना हसली. "असंच."

फोन बंद झाला, पण तो शब्द शेवंताबाईच्या डोक्यातून जाईना. तिच्या आयुष्यात प्रवास काही कमी झाले नव्हते. बारशाला गेली, तेराव्याला गेली. रामटेकला गेली, तो नवस होता. नागपूरला मोतीबिंदूसाठी गेली, तेही सासूच्या. घरातून बाई निघाली म्हणजे कोणाचं तरी काहीतरी झालेलं असतं. म्हणून तर तिला निघताना पाहिलं की शेजारीण आधी चेहरा पाडून विचारते. असंच म्हणून ती कधी कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत गेली नव्हती.

आणि नाव म्हटली की तिला वैनगंगा आठवायची. तिचं माहेर नदीच्या पलीकडचं. तेव्हा तिथे पूल नव्हता. लग्नाचं वऱ्हाड धिवरांच्या डोंग्यांतून आलं आणि नवरीला घेऊन डोंग्यांतूनच परत गेलं. नवरदेव पहिल्या डोंग्यात, दोस्तांबरोबर. नवरी दुसऱ्या डोंग्यात, ट्रंक, गादी आणि रडणारी मावशी यांच्यामध्ये. मधल्या जांभळाच्या टापूला, म्हणजे नदीतल्या बेटाला, वळसा घालताना तिने मान वर करून पाहिलं, तर पुढच्या डोंग्यातल्या नवऱ्याची पाठ दिसली. त्या दिवसापासून जी दिसायला लागली, ती आजपर्यंत.

जेवताना तिने सांगितलं, "मले तुमच्यासोबत डोंग्यात बसाचं हाय. एक दिवस. नदीतले टापू पाहाचे, आन् हळूहळू खाली याचं."

घनश्यामने घास थांबवला. "कुठं जाचं हाय?"

"कुठंच नाही."

"कुठं जाचंच नाही त बसाचं काहून?"

"असंच."

"पोरीनं पाठवलेले फोटो पाहू पाहू डोस्कं फिरलं तुहं," तो म्हणाला आणि भाताला लागला. "तो समुंदर होय. इथं दगडायमंधी डोंगा घासते."

"कार्तिकात नाही घासत. पानी हाय अजून."

"लोकं हासतील."

"हासू द्या. तुमी नाही आले त मी एकटी जातो."

घनश्यामला नागपूरची ट्रंक आठवली असावी. त्याने ताटातला भात संपवला. पुढच्या बाजाराला शेवंताबाई मासोळीच्या ओळीत गेली आणि पुनारामला गाठून आली. पुनाराम धिवर नदीच्या वरच्या अंगाला राहायचा, जाळं टाकायचा, माणसंही उतरवायचा. त्याने दिवस विचारला, माणसं किती विचारलं आणि अदबीने मान खाली घातली. ती अदब कशाची, हे शेवंताबाईला तेव्हा कळलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तिने पुऱ्या तळल्या, मिरचीचा ठेचा केला, टमाटे आणि चाकू पिशवीत टाकला. दही मात्र मडक्यातच ठेवलं, स्टीलच्या डब्यात ते दुपारपर्यंत आंबतं. मडक्याच्या तोंडाला बांधायला नवरात्रातला लाल कापडाचा तुकडा सापडला. तो घट्ट आवळून तिने गाठ मारली.

उजाडता उजाडता दोघं फाटकाबाहेर पडली, तर समोर पौर्णिमा सडा टाकत होती. शेजारची, रचनाच्या वयाची, चांगली पोर. पण तिच्या नजरेतून मांजरही निसटत नसे.

"काकू, इतक्या फजरमंधी? कोनाच्या इथं?"

शेवंताबाईने तोंड उघडलं, तेवढ्यात घनश्याम म्हणाला, "लामत्याले जाऊन राह्यलो. नथ्थूदादाची तब्येत लय नरम हाय."

नथ्थूदादा म्हणजे घनश्यामचा चुलतभाऊ. लामत्याला असतो, सत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी सायकलीवर शेताला चक्कर मारतो, आणि त्याची तब्येत नरम झाल्याचं त्याच्या बायकोनेही कधी ऐकलेलं नाही. शेवंताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. शेजारणीसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, एवढी रीत ती पाळत आली होती. ती पाळली. पण ऑटोत बसल्यावर म्हणाली, "काहून खोटं बोलले?"

"मंग काय सांगू? बायकोले नदीवर मिरवाले नेऊन राह्यलो म्हनून?"

"हौ. तेच सांगाचं होतं."

तो रस्त्याकडे बघत बसला.

घाटावर पुनारामने डोंगा धुऊन ठेवला होता. त्याने घनश्यामच्या डोक्याकडे पाहिलं, शेवंताबाईच्या कुशीतल्या मडक्याकडे पाहिलं, पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले. "किसके फूल हैं, माय?"

शेवंताबाईला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. तिकडे आता राख नदीत शिरवायलाच लोक डोंगा सांगतात. पलीकडे जायला आता पूल आहे. मडकं, लाल फडकं, टक्कल केलेला माणूस, आणि उतरलेला चेहरा, कारण घनश्यामचा चेहरा ऑटोपासून उतरलेलाच होता.

"दही हाय बापा," ती म्हणाली आणि गाठ सोडून दाखवली.

पुनाराम वाकून बघत राहिला. "दही?"

"खाचं. आमी फिराले आलो."

"कहाँ?"

"टापूवर. एक झाला की दुसऱ्या."

पुनारामने चपला परत घातल्या. विचार करून म्हणाला, "जवान लोगायले नेलं हाय मी. फोटू काढाले. पन तुमच्या उमरीचं कोनी नाही आलं." आणि मग, जरा खूश होऊन, "बसा. आज जाळं नाही टाकत."

डोंग्यात बसायला दोनच फळ्या होत्या, समोरासमोर. घनश्याम सवयीने टोकाला जाऊन पुढे तोंड करून बसायला लागला, तसा पुनाराम ओरडला, "उधर नहीं काका, डोंगा उलटंल! माय के सामने बैठो." तो वळला. दोघांचे गुडघे गुडघ्यांना लागले. नजर ठेवायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून घनश्याम मनगटावरचं घड्याळ पाहू लागला.

"पयल्या टापूले किती टाइम लागते?" त्याने पुनारामला विचारलं.

"पानी नेईल तेवढा."

धुकं पाण्यावरून उठत होतं. पाणकावळे खडकांवर पंख पसरून बसले होते. थोडा वेळ झाला, आणि घनश्यामला काम आठवायला लागलं. आता आलोच आहोत तर ताजी मासोळी घेऊन जाऊ. त्या काठाला खाणीतल्या सोबत्याचं शेत आहे, त्याला भेटून घेऊ. वाळूचा भाव विचारून ठेवू, मागची भिंत करायची आहे. प्रत्येक वेळी शेवंताबाई म्हणायची, "नाही." रागाने नाही, कोणी भात वाढायला आलं आणि पोट भरलेलं असलं म्हणजे म्हणतात, तसं. तिसऱ्या की चौथ्या नाहीनंतर त्याची कामं संपली.

पहिला टापू म्हणजे वाळूचा एक लांब पट्टा आणि चार झाऊची झुडपं. तिथे ती उतरली, पाय पाण्यात सोडून बसली आणि त्याच्यासमोर टमाटे आणि चाकू ठेवला.

"हे काय?"

"चिरा. जावई चिरते."

"जावई इंजिनीअर हाय, तो काहीही करू शकते," घनश्याम पुटपुटला. पण इथे पाहायला पुनाराम सोडून कोणी नव्हतं आणि पुनाराम डोंग्यात आडवा झाला होता. त्याने चिरायला घेतलं. फोडी हळू पडत होत्या, पण अशा एकसारख्या, की जणू प्रत्येकीची हजेरी लागणार होती. शेवंताबाईला हसू आलं. मडक्यातलं दही पुरीवर घालून दोघांनी खाल्लं. पुनारामला दिलं. ऊन वर आलं.

मग घनश्यामच आपणहून बोलला. "तुले वाटते मी मांगं पाहत नव्हतो. मले पाहाचं काम नव्हतं. तुही डावी चप्पल घासते. आवाज येते तोपर्यंत समजे, का हाय मांगं."

शेवंताबाई पाण्यातले पाय हलवत राहिली. इतक्या वर्षांनी हे ऐकून विरघळावं, असं तिला वाटलं नाही. "आन् बाजारात गर्दी राहे तवा?"

"तवा... उभा राहो मी. पान घ्याच्या निमित्तानं."

"निमित्तानं," ती म्हणाली. "तुमाले माह्यासाठी उभं राहाले बी निमित्त लागे."

त्याने चाकू पाण्यात धुऊन परत पिशवीत ठेवला. पुढच्या टापूला किती वेळ, हे त्याने मग विचारलं नाही.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा डोंगा डाव्या काठाजवळून चालला होता. काठावरच्या शेतात एक माणूस पाण्याची मोटर खोलून बसला होता. तो पौर्णिमेचा नवरा गजेंद्र होता. मोटरी दुरुस्त करणारा माणूस, जिथे पाणी तिथे तो. त्याने आधी डोंगा पाहिला. मग काकांचं डोकं. मग काकूंच्या मांडीवरचं, लाल फडकं बांधलेलं मडकं. हातातला पाना खाली ठेवून तो उभा राहिला आणि हात जोडले.

"काकाजी! कब हुआ?" तो ओरडला.

वारा उलटा होता. घनश्यामला एवढंच दिसलं, की ओळखीच्या माणसाने आपल्याला बायकोबरोबर डोंग्यात पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि लाजेने हात हलवला. गजेंद्रने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

पुढच्या वळणावर घनश्यामचा फोन वाजला. पौर्णिमेचा आवाज इतका रडवेला होता, की शेवंताबाईलाही ऐकू आला. "काका, नथ्थूकाकाचं कसं झालं हो? सकाळीच तुमी बोलले तब्येत नरम हाय... आन् राख बी शिरवली! इतल्या लवकर?"

घनश्यामने फोन कानापासून लांब धरला.

"सांगा तिले," शेवंताबाई हळू म्हणाली.

"पौर्णिमा, मी... घरी आलो का सांगतो." त्याने फोन कापला. तो लगेच पुन्हा वाजला. पडद्यावर नथ्थूदादाचं नाव होतं. घनश्यामने सापाचं पिल्लू हातात आल्यासारखा फोन बंदच केला आणि पुनारामला म्हणाला, "काठाले घे. इथंच उतरतो. सडकेवर बस भेटंल. सारा गाव जमला असंल घरी!"

डोंगा काठाला लागला. घनश्यामने एक पाय चिखलात टाकला. समोर, थोड्या अंतरावर, जांभळाचा टापू दिसत होता. त्यावरची झाडं आता म्हातारी झाली होती.

"चाल ना व," तो म्हणाला.

शेवंताबाई फळीवरून हलली नाही. "लग्नाच्या दिवशी याच टापूले आपन वळसा घातला. तुमी पुढच्या डोंग्यात होते. आज मी त्याच्या भोवतालून जानार हाय. तुमी उतरले त उतरा. मी पुढं जातो, तुमी मांगून या."

"माह्या जित्त्या भावाले लोकायनं मारून टाकलं, आन् तुले टापूची पडली!"

"लोकायनं नाही मारलं. तुमी मारलं, फाटकापाशी. मले सोबत नेतो हे सांगाची लाज वाटली म्हनून."

पुनाराम वल्हं धरून आभाळाकडे पाहत होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं असं त्याचं म्हणणं असावं. घनश्याम एक पाय चिखलात, एक पाय डोंग्यात, असा उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच पुढे जायची वाट मोकळी होती आणि मागून चपलेचा आवाज येणार नव्हता.

त्याने पाय उचलला, पाण्यात खळबळून धुतला आणि आत घेतला.

टापूला वळसा घालायला पुनारामने मुद्दाम वेळ लावला. शेवंताबाई झाडं पाहत होती, पलीकडे माहेरचा घाट पाहत होती. आता तिथे कोणी उरलं नव्हतं, एक नवी पाण्याची टाकी होती. समोर नवरा होता. त्याचा चेहरा तिला दिसत होता, चिंतेने काळवंडलेला, घामेजलेला, पण चेहरा. ती म्हणाली, "घाबरू नका. खोटं मरन उठलं का मानसाचं आयुष्य वाढते."

"दादाचं वाढंल," घनश्याम म्हणाला. "माह्यं कमी होईल."

शहराच्या घाटाला उतरल्यावर त्याने मडकं नदीत सोडून देऊ या म्हणून पाहिलं. "माह्यं दह्याचं मडकं हाय ते," शेवंताबाई म्हणाली आणि ते त्याच्याच हातात दिलं. तिच्याकडे पिशवी होती. मडकं सांभाळत त्याला भरभर चालता येईना. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत दोघं बरोबरच राहिली.

दाराशी कडुलिंबाचा पाला टाकलेली पाण्याची बादली ठेवलेली होती. ओसरीवर बाया पदर सावरून बसल्या होत्या, अंगणात माणसं. आणि सगळ्यांच्या मध्ये, खुर्चीवर, आपल्याच मरणाची बातमी ऐकून लामत्याहून मिळेल त्या गाडीने येऊन पोचलेला नथ्थूदादा बसला होता. कोणी त्याच्याशी नीट बोलत नव्हतं. मेलेल्या माणसाशी काय बोलावं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"या," नथ्थूदादा म्हणाला. "माही राख आनली का परत?"

पौर्णिमेची नजर मडक्यावरून हलेना. शेवंताबाई काही बोलली नाही. तिला येत होतं बोलायला. सगळं नीट सांगून नवऱ्याला सोडवणं तिला चांगलं जमलं असतं, आजवर जमलंच होतं. ती बादलीपाशी उभी राहिली आणि वाट पाहत राहिली.

घनश्यामने हातातलं मडकं पुढे धरलं. "हे दह्याचं मडकं होय."

"आन् माही नरम तब्येत?" नथ्थूदादाने विचारलं.

"ते मी खोटं बोललो, दादा. आमी... हिले घेऊन नदीवर गेलतो. डोंग्यात. टापू पाहाले."

"कोनाचं काम होतं?" ओसरीवरून एक म्हातारी म्हणाली.

"काही काम नव्हतं."

"मंग काहून गेलते?"

घनश्यामने शेवंताबाईकडे पाहिलं. तिने नजर काढून घेतली नाही, मदतही केली नाही. त्याच्या टकलापासून मानेपर्यंत लाली उतरली.

"असंच," तो म्हणाला. मग, एवढ्याने भागणार नाही असं वाटून, मोठ्याने म्हणाला, "बायकोसोबत फिराले गेलतो. लग्न झाल्यापासून नेलं नव्हतं."

नथ्थूदादा पोट धरून हसायला लागला, आणि त्याच्या हसण्याने बायांचे पदर तोंडावर गेले. गजेंद्र म्हणाला, "काकाजी, आपने तो हाथ ऐसे हिलाया जैसे सब खतम हो गया!"

हसणं ओसरलं तेव्हा पौर्णिमेला भलतीच काळजी लागली. मयतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून गल्लीने रांधून आणलं होतं. भात, वरण, वांग्याची भाजी, सगळं तिच्या ओसरीवर झाकून ठेवलेलं. "काकू, आता त्याचं काय करू? दुखाचं जेवन. कोनी गेलं नाही त खाचं कसं? आन् वापस बी नेत नाही."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणी म्हणालं गाईला घालावं, कोणी म्हणालं नदीत सोडावं.

"माह्या नावानं शिजलं ना?" नथ्थूदादा म्हणाला. "मंग मी खातो. मेल्यावर कोन खाऊ देते?"

"आन, पौर्णिमा," शेवंताबाई म्हणाली. "आनलं त वाढ."

अंगणातच पंगत बसली. घनश्याम नथ्थूदादाच्या शेजारी टेकला. सवयीने बायकांनी शेवंताबाईच्या हातात भाताचं भांडं द्यायला आणलं. तिने पिशवी भिंतीला टेकवली, कडुलिंबाच्या पाण्याने हात धुतले, कारण पाणी होतंच, आणि येऊन नवऱ्याच्या दुसऱ्या अंगाला, पहिल्याच पंगतीत, मांडी घालून बसली.

पौर्णिमा भांडं हातात धरून उभी राहिली. मग तिने आधी तिलाच वाढलं.

"थोडा अजून," शेवंताबाई म्हणाली.